समवर्ती घटकांचे औपचारिक मॉडेल: इंटरफेसमध्ये न लिहिलेला करार

अनुबंध (धागाकर्ता)

सॉफ्टवेअरच्या एखाद्या घटकाचा इंटरफेस लिहिताना आपण फंक्शनांची नावे, त्यांना द्यायची मूल्ये आणि परत येणाऱ्या मूल्यांचे प्रकार एवढे नोंदवतो. तेच फंक्शन दोन थ्रेडांनी (एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामांनी) एकाच वेळी बोलावले तर चालेल का, त्याआधी दुसरे कोणते बोलावून झालेले असले पाहिजे, आत ते कोणत्या लॉकसाठी (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपासाठी) थांबते आणि थांबलेले असताना आणखी कोणाला अडवून धरते, यातले काहीच कंपायलरला दिसत नाही, आणि बहुतेक वेळा ते दस्तऐवजातही सापडत नाही. समवर्ती, म्हणजे एकाच वेळी अनेक कामे चालणाऱ्या, प्रणालींमधले जे दोष सर्वांत उशिरा सापडतात आणि सर्वांत महागात पडतात, ते बहुधा या न लिहिलेल्या भागात दडलेले असतात, असे माझे मत आहे. म्हणून औपचारिक मॉडेल, म्हणजे यंत्राने तपासता येईल असे गणिती वर्णन, करायचे झाले तर ते घटकाच्या पोटातल्या हिशेबाचे न करता त्याच्या सीमेवरच्या वर्तनाचे करावे, आणि तेही कोड लिहिण्याआधी करावे, अशी बाजू मी येथे मांडत आहे. अशी मॉडेले लिहायच्या आणि तपासायच्या साधनांपैकी व पद्धतींपैकी स्पिन, टीएलए-प्लस, सीएसपी किंवा पेट्री जाळी असे काही ज्यांनी वापरले आहे त्यांचे अनुभव आणि आक्षेप दोन्ही वाचायला आवडतील.

उदाहरण मुद्दाम लहान घेतो. ठरावीक क्षमतेचा एक बफर आहे; उत्पादक थ्रेड त्यात वस्तू टाकतात, ग्राहक थ्रेड काढून घेतात. बफर भरलेला असेल तर उत्पादकाने थांबायचे, रिकामा असेल तर ग्राहकाने. जावामध्ये हे एकाच मॉनिटरवर (एक लॉक आणि त्यावर थांबलेल्या थ्रेडांचा एक संच) लिहिले, तर दोन्ही प्रकारचे थ्रेड एकाच प्रतीक्षासंचात जाऊन बसतात आणि प्रत्येक यशस्वी कृतीनंतर ‘नोटिफाय’ केले की त्या संचातला कोणताही एक थ्रेड जागा होतो. जागा झालेला थ्रेड अट पुन्हा तपासतो, लागले तर पुन्हा थांबतो. वाचताना या कोडमध्ये खटकण्यासारखे काही दिसत नाही.

आता क्षमता १ धरा, उत्पादक २ आणि ग्राहक १. बफर रिकामा असताना ग्राहक आला आणि थांबला. पहिल्या उत्पादकाने वस्तू टाकली. त्याच्या नोटिफायने ग्राहक जागा झाला, पण त्याला अजून प्रोसेसर मिळालेला नाही. तेवढ्यात पहिला उत्पादक पुढची वस्तू घेऊन आला आणि बफर भरलेला पाहून थांबला. त्याच्यामागोमाग दुसरा उत्पादकही थांबला. मग ग्राहकाने वस्तू काढली आणि त्याच्या नोटिफायने पहिला उत्पादक जागा झाला. ग्राहक लगेच पुन्हा आला, बफर रिकामा होता, म्हणून थांबला. आता प्रतीक्षासंचात दुसरा उत्पादक आणि ग्राहक असे दोघे आहेत. पहिल्या उत्पादकाने वस्तू टाकून नोटिफाय केले, आणि या ठिकाणी ग्राहकाऐवजी दुसरा उत्पादक जागा झाला. त्याला बफर भरलेलाच दिसला, तो परत थांबला. पहिला उत्पादकही पुढच्या फेरीत येऊन थांबला. बफरमध्ये वस्तू आहे, ती घेणारा ग्राहक आहे, आणि तिघेही झोपलेले आहेत. त्यांना उठवणारे कोणी उरलेले नाही.

एक उत्पादक आणि एक ग्राहक घेऊन चाचणी केली तर ही अवस्था कधीच येत नाही, आणि चाचण्या बहुधा तशाच लिहिल्या जातात. क्षमता १ ऐवजी १०० ठेवली आणि थ्रेड मोजकेच असले, तरीही येत नाही. म्हणजे हा दोष संरचनेच्या काही आकड्यांवरच उघड होतो, आणि ते आकडे बहुतेकदा प्रत्यक्ष वापराच्या ताणाखाली जुळून येतात. हेच वर्तन पंधरा-वीस ओळींच्या मॉडेलमध्ये लिहिले तर मॉडेल चेकर (मॉडेलचे सर्व शक्य घटनाक्रम तपासणारे साधन) वरचा सगळा घटनाक्रम क्षणार्धात समोर ठेवतो.

चाचणी येथे का अपुरी पडते, हे साध्या मोजणीतून कळते. दोन थ्रेड प्रत्येकी १० अविभाज्य पायऱ्या चालत असतील, तर त्या पायऱ्यांची गुंफण १,८४,७५६ प्रकारे होऊ शकते. तिसरा तसाच थ्रेड आला की ही संख्या साडेपाच लाख कोटींच्या पुढे जाते. चाचणी हजार वेळा चालवली तरी शेड्यूलर (कोणत्या थ्रेडला केव्हा प्रोसेसर द्यायचा हे ठरवणारा भाग) त्याच त्या सोयीच्या गुंफणी पुन्हा पुन्हा देत राहतो.

या विषयाची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. कार्ल आडाम पेट्री यांनी १९६२ च्या प्रबंधात एकमेकांशी संवाद करणाऱ्या यंत्रांचा विचार मांडला आणि त्यातून पेट्री जाळी आली. डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये परस्पर-वर्जनाचा (एका वेळी एकालाच आत जाऊ देण्याचा) प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला. १९७३ मध्ये ह्युइट आणि सहकाऱ्यांचे ॲक्टर मॉडेल, १९७८ मध्ये होअर यांचे सीएसपी, १९८० मध्ये मिल्नर यांचे सीसीएस असे, संवाद करणाऱ्या प्रक्रियांचे वर्णन करण्याच्या पद्धतींचे टप्पे पुढे आले. या सर्वांत मला एक समान धागा दिसतो: घटक म्हणजे त्याच्या आतल्या व्हेरिएबल्सचा संच नसून, तो बाहेरच्या जगाशी कोणत्या घटना कोणत्या क्रमाने करायला तयार आहे याचे वर्णन, ही दृष्टी. इतक्या वर्षांनंतरही आपल्या इंटरफेसच्या फाइलींमध्ये ही दृष्टी उतरलेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

सूक्ष्मदर्शी

उदाहरण चांगले आहे, पण निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. माझा मुख्य आक्षेप असा की मॉडेल म्हणजे कोड नव्हे. मॉडेलमध्ये डेडलॉक (सगळे एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकणे) नाही असे सिद्ध झाले म्हणून जावा किंवा सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेल्या कोडमध्ये तो नाही, असे म्हणता येत नाही. पहिल्या दिवशी दोन्ही जुळत असतील. सहा महिन्यांनी कोणीतरी घाईत एक जादा लॉक घालतो, मॉडेलची फाइल कोणी उघडत नाही, आणि मग ते मॉडेल दिशाभूल करणारा दस्तऐवज होऊन बसते. त्यापेक्षा थ्रेड सॅनिटायझरसारखी साधने प्रत्यक्ष कोडवर चालतात, ताण देणाऱ्या चाचण्या प्रत्यक्ष कोडवर चालतात, आणि त्यांतून मिळणारा पुरावा खऱ्या प्रोग्रामविषयी असतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. मॉडेल लिहायला तज्ज्ञ लागतो, तो सगळ्या संघांकडे नसतो. ज्या प्रणालीत चूक झाली तर माणसाचा जीव जाऊ शकतो तेथे हा खर्च समजण्यासारखा आहे. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राच्या १९८५ ते १९८७ दरम्यानच्या सहा अपघातांमध्ये समवर्ती कामांमधली रेस कंडिशन (कामांच्या क्रमावर निकाल अवलंबून राहणे) हे एक कारण होते, हे मला ठाऊक आहे आणि त्याचे गांभीर्य मी नाकारत नाही. पण सर्वसाधारण व्यावसायिक सॉफ्टवेअरसाठी हा मार्ग परवडतो का, हा माझा प्रश्न आहे.

अनुबंध

आपला पहिला आक्षेप योग्य आहे आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण नासाच्या डीप स्पेस १ या यानाचे आहे, फक्त ते दोन्ही बाजूंनी वाचावे लागते. त्या यानावरच्या ‘रिमोट एजंट’ या स्वयंचलित नियंत्रण सॉफ्टवेअरच्या एका भागाचे मॉडेल १९९७ मध्ये स्पिनमध्ये तपासले गेले आणि त्यात समवर्ततेचे पाच दोष सापडले. पुढे मे १९९९ मध्ये अंतराळात प्रयोग चालू असताना त्याच सॉफ्टवेअरमध्ये डेडलॉक झाला. तो ज्या भागात झाला तो भाग त्या मॉडेलमध्ये घेतलेला नव्हता, आणि दोष मात्र आधी सापडलेल्यांपैकी एकाच्याच जातीचा होता: संरक्षित असायला हवा तो कोडचा तुकडा संरक्षित नव्हता. जेवढे मॉडेल केले तेवढ्याचीच हमी मिळते, हे आपले म्हणणे यातून सिद्ध होते. पण चाचण्यांच्या सर्व फेऱ्यांतून तो दोष निसटला, आणि ज्या पद्धतीने त्याच प्रकारचा दोष दोन वर्षे आधी दाखवला होता ती पुढे वापरली गेली असती तर तो सापडण्याची चांगली शक्यता होती, हेही यातूनच दिसते.

थ्रेड सॅनिटायझरविषयी एक तपशील लक्षात घ्यावा. ते साधन डेटा रेस शोधते, म्हणजे एकाच स्मृतिस्थानावर दोन थ्रेडांनी समन्वयाशिवाय केलेले प्रवेश, ज्यांपैकी किमान एक लेखन आहे. वरच्या बफरमध्ये असा एकही प्रवेश नाही. प्रत्येक वाचन आणि लेखन लॉक धरूनच होते. त्या अर्थाने तो कोड निर्दोष आहे आणि तरीही तो कायमचा थांबू शकतो. ही साधने वापरावीतच, मात्र ती जे शोधतात तो आपल्या प्रश्नाचा एक कोपरा आहे.

खर्चाबद्दल म्हणाल तर ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या अभियंत्यांनी २०११ पासून टीएलए-प्लस वापरल्याचे २०१५ च्या लेखात लिहिले आहे. त्यात डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसच्या एका दोषाचा उल्लेख आहे, ज्याच्यापर्यंत पोचणारा सर्वांत लहान घटनाक्रम ३५ पायऱ्यांचा होता. ३५ पायऱ्या, मध्ये बिघाड आणि पुनर्स्थापना यांची विशिष्ट गुंफण: हे कोणत्याही परीक्षकाच्या मनात येईल असे मला वाटत नाही. ती व्यावसायिक प्रणालीच आहे, आणि मॉडेल लिहिणारे त्या प्रणाली बांधणारे अभियंतेच होते.

निमिष

चर्चेत आतापर्यंत फक्त डेडलॉक आला आहे, म्हणून एक भेद मांडतो, कारण घटकाचा करार लिहिताना तो फार कामाला येतो. लॅम्पोर्ट यांनी १९७७ मध्ये गुणधर्मांची दोन गटांत विभागणी केली. ‘वाईट ते कधीच घडत नाही’ हा सुरक्षिततेचा गुणधर्म, आणि ‘चांगले ते कधी ना कधी घडते’ हा प्रगतीचा गुणधर्म. सुरक्षितता मोडली तर मर्यादित लांबीचा घटनाक्रम दाखवून ती मोडल्याचे सिद्ध करता येते. प्रगती मोडली हे दाखवायला मात्र अनंत घटनाक्रम लागतो, म्हणून चेकर तो एका फेऱ्याच्या रूपात दाखवतो: येथपर्यंत आलात, आणि यानंतर हेच वर्तुळ सतत फिरत राहू शकते. आल्पर्न आणि श्नायडर यांनी १९८५ मध्ये प्रगतीची काटेकोर व्याख्या देऊन दाखवले की घटनाक्रमांचा कोणताही गुणधर्म या दोहोंच्या छेदाने व्यक्त करता येतो. म्हणून कराराचे हे दोनच भाग पुरतात, तिसरा लागत नाही.

आता धागाकर्त्यांच्या बफरकडे परत येऊ. ‘नोटिफाय’च्या जागी ‘नोटिफाय-ऑल’ घातले की डेडलॉक जातो. पण दुसऱ्या उत्पादकाला त्याची वस्तू कधीतरी टाकता येईलच, असे म्हणता येते का? येत नाही. तो प्रत्येक वेळी जागा होईल, आणि प्रत्येक वेळी पहिला उत्पादक त्याच्या आधी लॉक मिळवून बफर भरून टाकेल. प्रणाली चालू आहे, वस्तू पुढे सरकत आहेत, आणि एक थ्रेड उपाशी आहे. चेकरला हा प्रश्न विचारला की तो हाच फेरा दाखवतो.

येथे फेअरनेसचा, म्हणजे कोणाला कायम डावलले जाणार नाही या हमीचा, मुद्दा येतो आणि येथेच अनेक मॉडेले फसवी ठरतात. दुर्बल फेअरनेस म्हणजे, एखादी कृती एका क्षणापासून पुढे सतत शक्य असेल तर ती कधीतरी घडते. प्रबल फेअरनेस म्हणजे, कृती मधून मधून पण अनंत वेळा शक्य होत असेल तरीही ती कधीतरी घडते. आपल्या उपाशी उत्पादकासाठी ‘टाकणे’ ही कृती बफर रिकामा होताच शक्य होते आणि भरताच अशक्य होते, म्हणजे ती सतत शक्य नसते. दुर्बल फेअरनेस त्याला वाचवू शकत नाही. प्रबल फेअरनेस गृहीत धरला तर मॉडेल हिरवा कंदील दाखवेल, पण आपण वापरत असलेला लॉक तेवढी हमी देतो का, हे कोण तपासणार? घटकाच्या करारात ‘मी अमुक प्रगतीची हमी देतो’ एवढेच लिहून भागत नाही; ‘माझ्या भोवतालचा शेड्यूलर आणि लॉक तमुक फेअरनेस देत असतील तर’ ही अट त्याच वाक्यात असली पाहिजे. ती अट सुटली की सिद्धता खरी आणि प्रणाली खोटी, अशी स्थिती येते.

पारंबी

मला धाग्याच्या शीर्षकातल्या ‘करार’ या भागाविषयी लिहायचे आहे. एका घटकाचे मॉडेल करणे आणि दोन घटक जोडल्यावर काय होते हे सांगणे यांत बरेच अंतर आहे, आणि वापरातल्या बहुतेक अडचणी त्या अंतरात आहेत.

एक नेहमीचा नमुना पाहा. पहिला घटक आपल्या अवस्थेत बदल झाला की नोंदणी केलेल्या श्रोत्यांना कळवतो, आणि कळवताना स्वतःचा लॉक धरून ठेवतो, कारण यादी मध्येच बदलू नये. दुसरा घटक श्रोता आहे; कळवणी आली की तो स्वतःचा लॉक घेऊन आपली नोंद अद्ययावत करतो. हाच दुसरा घटक दुसऱ्या एका थ्रेडवर, स्वतःचा लॉक धरलेला असताना, पहिल्या घटकाला त्याची सध्याची अवस्था विचारतो. दोन्ही घटक एकेकटे तपासले तर शुद्ध आहेत, त्यांच्या चाचण्या उत्तीर्ण होतात, आणि जोडल्यावर मात्र पहिला दुसऱ्याच्या लॉकसाठी आणि दुसरा पहिल्याच्या लॉकसाठी थांबू शकतो. दोष कोणत्या घटकात आहे, हा प्रश्नच येथे गैरलागू आहे. ‘मी कळवणी करताना लॉक धरलेला असतो’ हे पहिल्याच्या कराराचा भाग असायला हवे होते, आणि ‘मी लॉक धरून बाहेर बोलावतो’ हे दुसऱ्याच्या.

या जोडणीवर झालेले काम या धाग्यात नोंदवण्यासारखे आहे. ॲलन आणि गार्लन यांनी १९९७ मध्ये घटकांमधल्या जोडणीलाच सीएसपीच्या भाषेत स्वतंत्र अस्तित्व दिले: प्रत्येक जोडणीत कोणत्या भूमिका आहेत आणि त्या कोणत्या क्रमाने बोलतात हे लिहायचे, आणि घटक त्या भूमिकेत बसतो का हे यंत्राने तपासायचे. डी आल्फारो आणि हेन्झिंगर यांची २००१ ची इंटरफेस ऑटोमेटा ही कल्पना मला याहून जवळची वाटते. त्यात घटक फक्त स्वतःचे वर्तन सांगत नाही, तर परिसराकडून असलेली अपेक्षाही सांगतो: या अवस्थेत मला ‘बंद कर’ हा संदेश येऊ नये. दोन घटक सुसंगत आहेत असे केव्हा म्हणायचे? त्यांना चुकीच्या अवस्थेत जाऊ न देणारा किमान एक परिसर अस्तित्वात असेल तेव्हा. ही आशावादी व्याख्या आहे, आणि घटक अजून पूर्ण प्रणालीत बसवलेले नसतानाही तपासणी करता येते ती याच व्याख्येमुळे.

आणखी एक बारकावा, जो घटनाक्रमांच्या याद्या करून सुटत नाही. एक घटक ‘जोडणी’ झाल्यावर ‘वाच’ आणि ‘लिही’ यांपैकी जे मागाल ते करतो. दुसरा घटक ‘जोडणी’ होतानाच आतल्या आत ठरवून टाकतो की यापुढे फक्त वाचन चालेल किंवा फक्त लेखन. दोघांचे शक्य घटनाक्रम तंतोतंत सारखे आहेत: जोडणी-वाच आणि जोडणी-लिही. पण दुसऱ्याशी बोलणारा ग्राहक ‘लिही’ घेऊन उभा राहिला आणि घटकाने आत वाचन निवडले असेल, तर दोघेही अडकले. निवड कोणाची आहे, हे घटनाक्रमात दिसत नाही. ते पाहायला पार्क आणि मिल्नर यांची बायसिम्युलेशनची कल्पना (प्रत्येक पायरीला दोघे एकमेकांची बरोबरी करू शकतात का हे पाहणे) किंवा सीएसपीतील नकारसंच (एखाद्या अवस्थेत घटक ज्या घटना नाकारू शकतो त्यांचा संच) लागतात. म्हणून ‘माझे लॉग जुन्या आवृत्तीसारखेच येतात, तेव्हा नवा घटक जुन्याच्या जागी चालेल’ हा युक्तिवाद समवर्ती प्रणालीत टिकत नाही.

खटका

माझे काम लहान उपकरणांवरच्या सॉफ्टवेअरचे आहे, म्हणून मॉडेलमध्ये काय घ्यावे या प्रश्नाकडे मी वेगळ्या बाजूने पाहतो. मार्स पाथफाइंडर ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनच स्वतःला रीसेट करू लागला. हवामानाची माहिती गोळा करणारे कमी प्राधान्याचे काम एक म्युटेक्स (लॉकचा एक प्रकार) धरून होते. त्याच म्युटेक्ससाठी माहितीवाहिनी सांभाळणारे उच्च प्राधान्याचे काम थांबले होते. आणि मध्यम प्राधान्याची कामे कमी प्राधान्याच्या कामाला पुढे सरकू देत नव्हती. उच्च प्राधान्याचे काम वेळेत पुरे झाले नाही हे लक्षात आले की प्रणाली रीसेट होई. त्या म्युटेक्ससाठी प्राधान्य-वारसा (म्युटेक्स धरणाऱ्या कामाला थांबलेल्या कामाचे उच्च प्राधान्य तात्पुरते देणे) चालू करण्याचा बदल पृथ्वीवरून पाठवला गेला आणि प्रश्न मिटला.

आता विचार करा, येथे लॉक फक्त एकच आहे. लॉक आणि संदेश एवढेच घेऊन केलेल्या मॉडेलमध्ये हा दोष कधीही दिसणार नाही, कारण त्यात प्राधान्य नाही, वेळ नाही आणि शेड्यूलर कोणालाही केव्हाही निवडतो. घटकाच्या सीमेवरचे वर्तन म्हणताना प्राधान्य हेही त्या सीमेचा भाग मानावे लागते. जेथे मुदत महत्त्वाची आहे तेथे अलुर आणि डिल यांची १९९४ ची टाइम्ड ऑटोमेटा (घड्याळे जोडलेली अवस्थायंत्रे) आणि त्यांवर आधारलेले उपसाला व आल्बोर्ग विद्यापीठांचे उप्पाल हे साधन जास्त योग्य ठरते.

तशीच गोष्ट स्मृतीची. पीटरसन यांची १९८१ ची परस्पर-वर्जनाची पद्धत कोणत्याही साध्या मॉडेल चेकरमध्ये बरोबर ठरते, आणि ती बरोबर आहेच, जर प्रत्येक लेखन सर्वांना त्याच क्रमाने लगेच दिसत असेल. आजच्या एक्स-८६ प्रोसेसरवर लेखन आधी त्या कोअरच्या स्टोअर बफरमध्ये (मुख्य स्मृतीत जाण्याआधीच्या तात्पुरत्या साठ्यात) थांबते. दोन्ही थ्रेड आपापला झेंडा उभारतात, दुसऱ्याचा झेंडा वाचतात, आणि दोघांनाही जुनी किंमत दिसून दोघेही आत शिरू शकतात. मध्ये मेमरी फेन्स (आधीची लेखने सर्वांना दिसेपर्यंत पुढे जाऊ न देणारी सूचना) घातली तरच ती पद्धत टिकते. मॉडेलमध्ये स्टोअर बफर हा स्वतंत्र घटक म्हणून लिहिला तर चेकर हा घटनाक्रम लगेच देतो. लिहिलाच नाही तर तो निश्चिंत राहतो. माझ्या मते मॉडेल करणाऱ्याची खरी परीक्षा ‘काय गाळले’ हे शब्दांत लिहून ठेवण्यात आहे. प्रत्येक मॉडेलच्या पहिल्या ओळींत ‘यात वेळ नाही, प्राधान्य नाही, स्मृती क्रमसुसंगत धरली आहे’ असे असायला हवे.

उंबरठा

मी या विषयात नवीन आहे, धागा दोनदा वाचला. दोन प्रश्न आहेत. सुरुवात कोणत्या साधनाने करावी? आणि अवस्थांची संख्या एवढ्या वेगाने वाढते, तर प्रत्यक्षातला घटक या साधनांना पेलतो कसा?

अनुबंध

साधनाबद्दल माझे मत सांगतो, इतरांचे वेगळे असू शकते. आपल्या घटकांमध्ये संदेश आणि चॅनेल मुख्य असतील तर होल्झमन यांचे स्पिन घ्यावे. त्याची प्रोमेला ही भाषा प्रोग्रामरला लगेच वाचता येते आणि ते १९९१ पासून सर्वांना मोफत उपलब्ध आहे. अनेक यंत्रांवर पसरलेल्या प्रणालीचा करार लिहायचा असेल, अमूर्त पातळीवरून तपशिलाकडे टप्प्याटप्प्याने उतरायचे असेल, तर टीएलए-प्लस. घटकांची जोडणी आणि घटनांचा क्रम शिकायचा असेल तर मॅगी आणि क्रेमर यांचे एलटीएसए हे लहान साधन अध्ययनासाठी उत्तम आहे, कारण ते प्रत्येक घटकाचे अवस्थाचित्र काढून दाखवते आणि जोडल्यावर कोणत्या वाटा बंद झाल्या हे डोळ्यांना दिसते.

अवस्थांचा स्फोट हा प्रश्न खरा आहे. प्रत्येकी १० अवस्थांचे १० घटक म्हणजे एक हजार कोटी एकत्रित अवस्था. त्यावर तीन मार्ग आहेत. ज्या कृतींचा क्रम बदलून काहीच फरक पडत नाही, त्यांची एकच गुंफण तपासायची. एकसारखे थ्रेड असतील तर ‘पहिला थांबला, दुसरा चालू’ आणि ‘दुसरा थांबला, पहिला चालू’ या अवस्था एकच धरायच्या. किंवा अवस्था एकेक न मोजता त्यांचे संच सूत्रांच्या रूपात साठवायचे. १९९० मध्ये या मार्गाने १० च्या २० व्या घाताइतक्या अवस्थांपर्यंत पोचता आले. पण नवीन माणसाला माझा आग्रह वेगळा आहे: लहान आकडे घ्या. क्षमता १ किंवा २, थ्रेड ३ किंवा ४. बहुतेक दोष तेवढ्यातच बाहेर येतात, कारण दोषाला संख्या लागत नाही, नेमकी गुंफण लागते.

पारंबी

यात एक सावधगिरीची भर घालते. घटकांमधली रांग अमर्याद धरू नका. ब्रँड आणि झाफिरोपुलो यांनी १९८३ मध्ये दाखवले की मर्यादित अवस्थांचे फक्त दोन घटक अमर्याद रांगांमधून बोलत असतील, तरी डेडलॉकसारख्या प्रश्नांचे उत्तर देणारी सर्वसाधारण पद्धत अस्तित्वात असू शकत नाही. रांगेला मर्यादा घालणे हा म्हणून मॉडेलच्या सोयीपुरता निर्णय नाही, तो रचनेचाच निर्णय आहे, आणि प्रत्यक्ष रांगेलाही तीच मर्यादा घालून ती भरल्यावर काय होईल हे करारात लिहावे लागते.

सूक्ष्मदर्शी

मूळ बफरचे मॉडेल लिहून पाहिले. क्षमता १ आणि तीन थ्रेड असताना तोच घटनाक्रम मिळाला. क्षमता २ केली तर चार थ्रेडांपर्यंत डेडलॉक नाही आणि पाचव्या थ्रेडला आला. मॉडेल आणि कोड यांच्यात पडणाऱ्या अंतराबद्दलचा माझा आक्षेप कायम आहे, पण चाचण्यांतून हा आकडा मला मिळाला नसता, हे मान्य करतो. क्षमतेच्या दुपटीपेक्षा थ्रेड जास्त झाले की डेडलॉक, असा हा नियम दिसतो. तो का, हे कोणी सांगू शकेल का?

निमिष

नियम बरोबर आहे. एका ग्राहकाची बाजू धरून कारण सांगतो. शेवटच्या अडकलेल्या अवस्थेत बफर भरलेला आहे आणि ग्राहकही थांबलेला आहे. ग्राहक थांबला तेव्हा बफर रिकामा असणार. म्हणजे त्याआधी त्याने भरलेला बफर पूर्ण रिकामा केला, आणि क्षमता क असेल तर त्या क काढण्यांनी क उत्पादक जागे झाले. त्यानंतर बफर पुन्हा भरला, म्हणजे क वेळा वस्तू टाकली गेली आणि क नोटिफाय झाले. त्यांतले एकही ग्राहकाच्या वाट्याला येऊ नये, तर तोपर्यंत झोपलेले आणखी क उत्पादक तेथे असले पाहिजेत, कारण बफर भरेपर्यंत नव्याने कोणी उत्पादक झोपणार नाही. क अधिक क उत्पादक आणि तो एक ग्राहक: किमान २क + १ थ्रेड. त्याहून कमी असतील तर कोणते तरी एक नोटिफाय ग्राहकापर्यंत पोचतेच. भूमिका उलटल्या तरी हाच हिशेब लागू होतो.

यावरून दुरुस्तीही कळते. दोष नोटिफाय एकालाच उठवते यात नाही. उत्पादक आणि ग्राहक एकाच संचात झोपतात यात आहे. एकाच लॉकवर ‘भरलेला नाही’ आणि ‘रिकामा नाही’ अशा दोन वेगळ्या कंडिशन ठेवल्या, उत्पादकाने टाकल्यावर फक्त दुसरीवर आणि ग्राहकाने काढल्यावर फक्त पहिलीवर संकेत दिला, की एकालाच उठवणेही पुरेसे होते आणि सर्वांना उठवण्याचा खर्च वाचतो. जावाच्या प्रमाण लायब्ररीतील ‘अरे-ब्लॉकिंग-क्यू’ याच पद्धतीने लिहिलेली आहे, आणि तिच्या कन्स्ट्रक्टरमध्ये फेअरनेस हवा की नको हे वापरणाऱ्याला विचारले जाते.